ध्यान कुठं होतं?

माणूस पडला की आपण आधी धावतो, हाताला धरून उठवतो, आणि त्याच्या अंगावरची माती झटकता झटकताच विचारतो, 'ध्यान कुठं होतं?' प्रश्न काळजीतून येतो, पण आवाजात राग असतो. पोरीच्या डोक्यावरची घागर फुटली तरी हेच विचारतो आणि आजोबा न्हाणीत घसरले तरी हेच. उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई मोळीसकट खाली आली तर मुकादमही हेच ओरडतो. उत्तरासाठी मात्र कुणी थांबत नाही. आज सकाळी त्या उत्तराचाच विचार करू.

राणीसावरगावात बसून हा विचार करायला एक कारण आहे. गंगाखेड तालुक्यातलं हे गाव रेणुकामातेचं. नवरात्रात इथं भाविकांची रीघ लागते. देवीची कथा या भागात लेकरांना शाळेआधी कळते. लोककथेतली रेणुका रोज पहाटे नदीवर जाते, ओल्या वाळूची घागर घडवते, सापाची चुंबळ करून ती डोक्यावर घेते आणि पती जमदग्नींच्या पूजेचं पाणी आश्रमात आणते. वाळूची घागर टिकते ती फक्त तिच्या एकाग्रतेवर. एके दिवशी नदीत जलक्रीडा करणारा राजा तिच्या दृष्टीस पडतो. नजर क्षणभर तिथं रेंगाळते आणि घागर विरघळून जाते. महाभारताच्या वनपर्वात ही घागर नाही आणि साप नाही. तिथं चित्ररथ राजा आहे, पाणी आहे आणि ढळलेलं मन आहे. शिक्षा मात्र दोन्हीकडे तीच. चार मुलं आईला मारण्याची बापाची आज्ञा मानत नाहीत, पाचवा परशुराम आईचं शिर उडवतो. मग तोच वर मागतो की आई पुन्हा जिवंत व्हावी, आणि आपल्याला मारलं होतं याची आठवण तिला राहू नये. माहूरच्या गडावर देवीचं मुखच तेवढं पूजलं जातं.

या कथेचा अर्थ पातिव्रत्याच्या अंगानं पुष्कळांनी लावला आहे. मला तिच्यात एक बाई दिसते. तिच्या डोक्यावर भरलेली घागर आहे, पायाखाली निसरडा काठ आहे, आणि मन मनासारखंच आहे, म्हणजे इकडंतिकडं जाणारं. तोल सांभाळताना मन दुसरीकडं गेलं तर काय होतं, हे आज प्रयोगशाळांमध्ये मोजलं जातं. त्या मोजमापातून जे निघालं ते या कथेच्या न्यायासमोर ठेवून पाहण्यासारखं आहे.

प्रयोग तसा साधा आहे. माणसाला अनवाणी एका चौकोनी तक्त्यावर उभं करतात. तळपायांचा दाब कुठून कुठं सरकतो ते तक्ता टिपत राहतो. आपण अगदी स्तब्ध उभे आहोत असं आपल्याला वाटतं, पण शरीर सतत थोडं पुढं, थोडं मागं, थोडं बाजूला झुलत असतं आणि दर वेळी सावरलं जात असतं. मग पावलं एकापुढं एक लावायला सांगतात, म्हणजे पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला टेकलेली. आता झोक वाढतो. त्यानंतर सांगतात, 'शंभरातून सात वजा करत चला.' त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. पाय आपलं काम करत असतात, डोकं आपलं. दोन्हींची सोय एकच मेंदू पाहत असतो.

उभ्या माणसाच्या मेंदूत डोकावणं फार दिवस जमत नव्हतं. मेंदूची चित्रं काढणारं एमआरआय यंत्र माणसाला आडवं आणि निश्चल ठेवतं. आडव्या माणसाला तोल सांभाळायचा नसतो. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरानं १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याच तंत्रातून आज डोक्यावर घालायची टोपी तयार झाली आहे. तिच्यातली विद्युताग्रं कातडीला टेकतात आणि एका व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांएवढी वीज टिपतात. अडचण अशी की पापणी मिटली किंवा मानेचा स्नायू आवळला तरी त्यांची वीज मेंदूच्या विजेपेक्षा मोठी निघते, आणि तोल सांभाळणारा माणूस मान तर आवळणारच. ती भेसळ गाळून काढणं हे या क्षेत्रातलं मोठं किचकट काम. दुसरी वाट १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस यांनी दाखवली. लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीच्या हाडातून आत जातो. प्राणवायू असलेलं रक्त आणि प्राणवायू खर्च झालेलं रक्त तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्यामुळे कपाळावर बांधलेल्या पट्टीवरून कळतं, की आतला कोणता भाग आता जास्त रक्त मागतो आहे. वीज सेकंदाच्या हजाराव्या भागाची बातमी देते, तर रक्ताला पोहोचायला काही सेकंद लागतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकत्र वापरतात.

काय दिसलं? नुसतं उभं राहणं तरुण, निरोगी माणसाला जवळजवळ फुकट पडतं. उभं राहणं कठीण केलं, की कपाळामागच्या मधल्या भागावर सेकंदाला चार ते आठ वेळा हेलकावणाऱ्या संथ लहरी वाढतात. मेंदूचा विचार करणारा भाग पायांच्या कामात हात घालू लागल्याची ती खूण. वर हिशेब दिला की मागणी दुहेरी होते. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०११ मध्ये लोकांना चालता चालता इंग्रजी मुळाक्षरं एकाआड एक म्हणायला लावली. नुसतं चालताना कपाळामागं जितकं रक्त लागत होतं, त्याहून जास्त या दुहेरी कामात लागलं. एकाच पाटाचं पाणी दोन वाफ्यांना द्यायचं तसं हे. पाटाला पाणी भरपूर असेल तर दोन्ही भिजतात, कमी असेल तर एका वाफ्याचं बारं आखडतं.

आता त्याहूनही नेमकी गोष्ट. उभ्या माणसाचा तोल अचानक ढळवला, तर सुमारे एक दशांश सेकंदात त्याच्या टाळूखाली एक ठळक लहर उमटते. काहीतरी घसरतंय, याची मेंदूनं घेतलेली ती दखल. कॅनडातल्या संशोधकांनी २००४ मध्ये माणसांना दुसऱ्या एका कामात गुंतवून ठेवलं आणि मग त्यांचा तोल ढळवला. ती लहर लहान झाली. पाय घसरल्याची बातमी मेंदूपर्यंत पोहोचली, पण तिची दखल कमी घेतली गेली.

'ध्यान कुठं होतं?' या प्रश्नाला मिळालेलं हे मोजलेलं उत्तर आहे. ध्यान दुसऱ्या कामावर होतं, आणि ते एकाच ठेव्यातून खर्च होतं. यात आळस नाही, बेफिकिरी नाही, चारित्र्याचा तर प्रश्नच नाही. प्रत्येक माणसाच्या कवटीत ही मर्यादा आहे. ती जमदग्नींनाही असणार. रेणुकेच्या कथेत तिला कुणी काही विचारलं नाही, थेट निवाडा झाला. देवीपुढं हात जोडताना मला ते आता सलतं. या भागातल्या बायांनी त्या शिक्षा झालेल्या बाईलाच आई म्हटलं आणि तिच्याच नावानं परडी धरून जोगवा मागितला, यात त्यांचा स्वतःचा एक निवाडा आहे असं मी मानतो.

म्हातारपणी हा प्रश्न जास्त टोकदार होतो. तोलाची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांच्या शेजारचे अवयव, डोळे, आणि तळपाय-घोट्यांमधली जाणीव. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, मधुमेहानं तळपाय बधिर होतात, कानातली यंत्रणा मंदावते. जी खबर आपोआप येत होती ती अंधूक झाली, की मेंदूला मुद्दाम लक्ष देऊन ती उणीव भरून काढावी लागते. तरुणपणी जे पाय करत होते ते आता डोकं करू लागतं. मग डोक्याला दुसरं काम देणं महाग पडतं.

स्वीडनमधल्या उमिओ इथल्या तीन संशोधकांनी १९९७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर छापला. वृद्धांसाठीच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर त्यांनी चालत चालत गप्पा मारल्या. बोलणं सुरू होताच १२ जण चालायचे थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ मधले १० जण पडले. यंत्र नाही, टोपी नाही. फक्त शेजारून चालणारा माणूस आणि त्याचं पाहणं. जगात दरवर्षी पडण्यानं ६ लाख ८४ हजार माणसं मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांत साठीच्या पुढची माणसं सर्वांत जास्त. अशा धोक्यासाठी इतकी स्वस्त आणि इतकी माणुसकीची तपासणी दुसरी मला माहीत नाही.

याचीच दुसरी बाजू आपल्या घराघरात रोज घडते. आजी उंबरठा ओलांडत असते आणि आतून सूनबाई विचारते, 'आई, गोळी घेतली का?' आजी उत्तर देत नाही. पुन्हा विचारतात, जरा मोठ्यानं. तरी उत्तर नाही. मग म्हणतात, ऐकू येईना झालंय. पुष्कळदा तिला ऐकू आलेलं असतं. तिच्या मेंदूनं पायाला पहिला मान दिलेला असतो आणि बोलणं मागं ठेवलेलं असतं. पायरी उतरून झाली, भिंतीला हात लागला, की ती सांगते, 'घेतली गं.' संशोधक याला तोल-आधी असा क्रम मानतात, आणि तो शहाणपणाचा क्रम आहे. कंपवाताच्या रुग्णांमध्ये हाच क्रम कधी कधी उलटतो. ते उत्तर द्यायला जातात आणि पाऊल चुकतं. अशा माणसाला चालताना हाक मारायची नसते हे घरातल्या प्रत्येकाला, लेकरांनासुद्धा, सांगून ठेवायला हवं.

पण लक्ष वाटलं गेलं की तोल जातोच, असं म्हणून थांबता येत नाही. कारण आपल्याच भागातल्या एका माणसानं सातशे वर्षांपूर्वी याच्या अगदी उलट पाहिलं होतं. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ पर्यंत ते आपल्या परभणी जिल्ह्यात होतं. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांपैकी रामकली रागातल्या एका पदात ते संत त्रिलोचनांना एकामागून एक माणसं दाखवतात. पतंग उडवणारा पोरगा सोबत्यांशी बोलतो, पण चित्त दोरीत. पाणी भरून निघालेल्या पोरी हसतात, थट्टा करतात, पण चित्त घागरीत. पाच कोसांवर चरणाऱ्या गाईचं चित्त वासरात. आई घरात-बाहेर कामं उरकते, पण चित्त पाळण्यातल्या लेकराकडं. नामदेवांना सांगायचं आहे ते नामस्मरणाबद्दल. पण त्यासाठी त्यांनी जे पाहिलं ते इतकं अचूक आहे, की तोल आणि लक्ष यांवर लिहिणाऱ्या कुठल्याही संशोधकानं ते पद पहिल्या पानावर घ्यावं. त्या पोरींची घागर पडत नाही. रेणुकेची पडते आणि त्यांची पडत नाही, हे कसं?

एक उत्तर सरावाचं. पुन्हा पुन्हा केलेलं काम कपाळामागच्या भागाकडून हळूहळू खाली सरकतं, छोट्या मेंदूकडं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांकडं. तिथं ते जवळजवळ आपोआप चालतं आणि वरचा भाग हसायला-बोलायला मोकळा राहतो. दुसरं उत्तर बर्लिनमधून आलं. ऑलिव्हर हुक्सहोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००६ मध्ये आढळलं, की डोक्याला अगदी हलकं काम दिलं तर माणसाचा झोक उलट कमी होतो. काम जड होत गेलं की म्हाताऱ्यांचा झोक पुन्हा वाढतो. आपल्या तोलाकडं फार निरखून पाहणं हेही तोलाला बाधतं. थोडं मन दुसरीकडं असलं तर पाय आपलं काम निवांत करतात. म्हणजे पाणवठ्याच्या वाटेवरची थट्टामस्करी घागरीला धोका नव्हती, आधार होती. आणि रेणुकेवर लादलेली ती पूर्ण, अखंड, निर्जीव एकाग्रता हीच कदाचित सर्वांत ठिसूळ गोष्ट होती.

जात्यावरच्या ओवीत मला हेच दिसतं. संत जनाबाई गंगाखेडच्या, म्हणजे राणीसावरगावच्याच तालुक्यातल्या. दळता-कांडताना सुचलेली त्यांची रचना महाराष्ट्राला पाठ आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही आहेत. हात खुंट्यावर फिरतो, दुसरा हात घास टाकतो, आणि त्याच वेळी ओळ जुळते, यमक बसतं, माहेर आठवतं. हे दुहेरी काम आहे, आणि दोन्ही कामं एकमेकांना तालावर धरून ठेवतात. न्यूयॉर्कच्या त्याच संस्थेतल्या जो वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या ४६९ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीराच्या व्यायामांपैकी एकाच गोष्टीचा स्मृतिभ्रंश कमी असण्याशी संबंध दिसला, तो नाचाचा. पाय, ताल, जोडीदार आणि पुढचं पाऊल आठवणं, सगळं एकदम. आपल्याकडं पंचमीचा फेर आणि भोंडल्याचं गाणं म्हाताऱ्या बायांनी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

हलकं मन आधार देतं, जड मन पाडतं. मग मोळी घेऊन फळीवर चढणाऱ्या बाईचा विचार टाळता येत नाही. बालाघाटाच्या या पट्ट्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी निघतात. भल्या पहाटे किंवा रात्री अपरात्री ट्रक येतो, अंधारात फळी लागते, आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई तिच्यावरून वर जाते. तिच्या डोक्यात शंभरातून सात वजा होत नाहीत. तिथं उचल असते. किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहणार. कोपीत झोपलेलं लेकरू असतं, त्याचा ताप असतो. आनंदी मणी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये तमिळनाडूच्या ४६४ ऊस-शेतकऱ्यांचा अभ्यास छापला. तोडणीआधी हात आवळलेला असताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर, त्याच माणसांना विचारशक्तीच्या त्याच परीक्षा दिल्या. तंगीच्या दिवसांत त्यांना कमी गुण पडले. माणूस तोच होता, फक्त डोक्यातली जागा काळजीनं अडवली होती. ही काळजी म्हणजे कुणी न दिलेलं, कधी न संपणारं दुसरं काम. त्या बाईचा पाय फळीवर सरकला, तर तिचं ध्यान कुठं होतं हे मुकादमाला चांगलं ठाऊक असतं, कारण तिचा हिशेब त्याच्याच वहीत असतो.

आपल्या गावात यातलं काय करता येईल? स्वीडनमधली ती तपासणी घराबाहेरच्या रस्त्यावर करता येते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर देवळापर्यंत चालावं, शेजारून सहज काही विचारावं आणि पावलांकडं पाहावं. बोलण्यासाठी ते माणूस थांबलं, तर आपणही थांबावं, बोलणं पुरं होऊ द्यावं, मग पुढं निघावं. आणि गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई घरी आल्या की ही गोष्ट त्यांच्या कानावर घालावी. औषधं, डोळे, तळपाय, न्हाणीतली ओली फरशी, रात्री उठण्याच्या वाटेवरचा अंधार, सगळं त्यानंतर पाहता येतं.

सरावही घरी होतो. भिंतीला हात पुरेल असं उभं राहायचं, कुणीतरी शेजारी, एका पावलापुढं दुसरं पाऊल. सातनं वजाबाकी करण्याचा हट्ट नको. हरियाणातल्या बल्लभगडला १९९० च्या दशकात वृद्धांच्या स्मृतीची तपासणी करताना मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी प्रश्नांत बदल करून शाळा न पाहिलेल्या माणसांना जमतील असे प्रश्न तयार केले. आपणही तेच करावं. शिकलेल्या आजोबांना पावकी-निमकी म्हणू द्यावी. ती फार पाठ असेल तर उलटी म्हणायला सांगावी. आजीला महिने उलटे विचारावेत. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष. कार्तिकाशी ती अडली आणि हात भिंतीकडं गेला, तर महिना आपण सांगायचा.